गच्चीवरच्या माश्यांची राखण

प्रांजलीच्या मधमाश्यांवर पहिला हल्ला झाला, तो पुण्यकर्माच्या वाटेनं.

झालं असं, की पहिल्या मजल्यावरच्या मंजुषाताई दर शनिवारी मुंग्यांना साखर घालायच्या. साडेसातीवरचा उतारा म्हणून कुणीतरी त्यांना चिमूटभर साखर सांगितली होती. पण चिमूटभर पुण्य करणं त्यांच्या हाताला जमत नसे, त्या वाटीभर घालत. जिन्यात साखर सांडते म्हणून झाडणाऱ्या बाईनं तोंड वाजवल्यापासून हा कार्यक्रम गच्चीवर हलला होता. निवांत अपार्टमेंटच्या गच्चीवर मुंग्यांची अशी काही भरभराट झाली होती, की अख्ख्या गारखेड्यातल्या मुंग्यांनी तिथं येऊन फ्लॅट बघावेत. अशा त्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, प्रांजलीनं दसऱ्यानंतर दोन मधपेट्या आणून ठेवल्या. मुंग्यांना वाटलं, इतके दिवस नुसती साखर होती, आता पंगतीत बासुंदी आली.

प्रांजलीनं मधमाश्या पाळल्या हे ऐकून तिच्या ओळखीच्या लोकांनी आधी दुसरी कुणी प्रांजली असेल असंच धरलं. कारण ही प्रांजली म्हणजे साडेतीन वर्षांच्या मनूचा चमचा दोनदा उकळणारी, द्राक्षाच्या चार फोडी करणारी, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावून झाल्यावर भिंतीच्या कोपऱ्यांकडं संशयानं बघणारी. आणि ही बाई चावणाऱ्या पंधरावीस हजार जिवांना घरावर आणून ठेवते? पण प्रांजलीचं त्यावर एक उत्तर होतं. माशी का चावते हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मनू का रडते हे कुठंच लिहिलेलं नाही.

शिवाय मनू झाल्यावर कॉलेजातले वनस्पतिशास्त्र शिकवायचे तास सुटले, तेव्हापासून मनू सोडून तिनं हाती घेतलेलं हे पहिलंच काम. सात दिवसांचं प्रशिक्षण तिनं वहीत रंगीत पेनांनी लिहून घेतलं होतं. माश्या करमाडच्या सासऱ्यांच्या शेतातल्या, कडुलिंबाच्या ढोलीतल्या. सासरे केरबा हे मूळचे मेंढरांमागं हिंडलेले गृहस्थ. त्यांनी माश्या देताना एवढंच बजावलं होतं, "पोरी, जपता आल्या तर जप. नाय जमलं तर मुकाट्यानं परत आणून दे. दुसऱ्याच्या दावणीला जित्राब मरू द्यायचं नसतंय." सासूबाई बानाबाई मात्र मोकळ्या मनाच्या होत्या. त्या फोनवर सरळ म्हणाल्या होत्या, "महिनाभरात परत येत्यात का नाय बघा. पोरीला साधी सर्दी झाली की ही रडती, ही काय राखण करती!"

तेव्हा पेट्या करमाडला परत न्यायची वेळ येता कामा नये, हे प्रांजलीनं मनाशी घट्ट ठरवलं होतं. मधाचं तिला फार नव्हतं. पण "ही काय राखण करती" हे वाक्य भांडी घासतानासुद्धा तिच्या कानाशी गुणगुणायचं.

मुंग्यांवरचा उपाय वहीत होता. पेटीखालच्या लाकडी घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. दोन घोड्या, आठ पाय, आठ वाट्या. प्रांजलीनं वाट्या मांडल्या, पाणी ओतलं आणि मागं सरून पाहिलं, तर मागं रामकिसनराव उभे.

रामकिसनराव सोसायटीचे अध्यक्ष. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचं आणि खालच्या रस्त्यावरच्या लोकांच्या चुका काढायच्या, हा त्यांचा नेम. पेट्या आल्या आणि ती सावली गेली. हे दुःख त्यांनी आजवर पोटात ठेवलं होतं, कारण सावलीचा हक्क उपविधींत कुठं सापडेना.

"मॅडम," ते म्हणाले, "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. माणसं टँकरची वाट बघायलीत. आणि तुमच्या मुंग्यांना खंदक?"

"मुंग्यांना नाही काका, मुंग्यांपासून."

"तेच ते. दौलताबादचा किल्ला करून ठेवला गच्चीचा!"

आठवड्याच्या आतच डासवाले आले. दोन बाया आणि एक वहीवाला. घरोघरी पाण्याची भांडी तपासत ते थेट गच्चीवर पोचले, आणि एका बाईनं वाटीत बॅटरीचा उजेड मारला.

"यात काय हाय?"

"खंदक," प्रांजली म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःचा राग आला.

"लिहा, खंदक आठ," बाई वहीवाल्याला म्हणाली. "अळ्या हायेत."

अळ्या खरोखरच होत्या. वळवळत होत्या. जी बाई डासांच्या धास्तीनं मनूला भर दुपारीसुद्धा मच्छरदाणीत बसवते, तिनं स्वतःच्या हातानं आठ वाट्या डास पाळले होते! बाईनं समजुतीनं सांगितलं की दर दोन दिवसांनी पाणी बदला, आणि जाताना जिन्याच्या भिंतीवर खडूनं खूण केली. बारा बिऱ्हाडांच्या निवांत अपार्टमेंटच्या इतिहासात अशी खूण पहिल्यांदाच झाली. ती पुसायची कुणी, यावर दोन दिवस चर्चा चालली.

पाणी काढलं तर मुंग्या, ठेवलं तर डास. यावर तोडगा काढला तो प्रणयनं, म्हणजे प्रांजलीच्या नवऱ्यानं. तो शेंद्र्याला कंपनीत होता आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर वंगण हा उपाय असतो अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं मशीनचं जळकं तेल आणून वाट्यांत ओतलं. डास संपले, मुंग्या थबकल्या. दोन दिवस प्रांजली शांत झोपली. तिसऱ्या दिवशी ती पेटीत डोकावत असताना मागं मनू अगदी गप्प होती. लहान मूल गप्प आहे म्हणजे काहीतरी घडतं आहे, हे प्रत्येक आईला कळतं. पण त्या दिवशी माश्यांनी इतका छान पिवळा पराग आणला होता, की प्रांजलीला ते अर्धं मिनिट उशिरा कळलं. तेवढ्यात रामकिसनरावांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर दहा काळी बोटं उमटली होती. अगदी ठळक, तलाठ्याकडं अंगठा उठवावा तशी.

पायजमा भिजवून, घासून, उन्हात टाकूनही बोटं गेली नाहीत. रामकिसनराव तोच पायजमा घालून मुद्दाम जिन्यात उभे राहू लागले.

मग दगड सुरू झाले.

शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक क्लास होता. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत तिथली मुलं गच्चीवर यायची, आणि समोरच्या गच्चीवर दोन पेट्या दिसल्यावर ज्याला नेम धरावासा वाटत नाही तो विद्यार्थी कसला? आधी खडूचे तुकडे आले, मग बाटल्यांची बुचं, मग खडी. एकदा पेटीचं झाकण सरकलं आणि प्रांजली मनूला काखेत मारून थेट क्लासच्या संचालकांसमोर जाऊन उभी राहिली.

संचालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कधी मारले दगड? साडेअकराला? मग आमची बॅच नाही ती. आमच्याकडं जेईईवाले आहेत मॅडम. माश्या म्हणजे बायलॉजी. तुम्ही नीटवाल्यांकडं चौकशी करा, खालच्या मजल्यावर."

खालच्या मजल्यावरचे सर म्हणाले, "दगड नेमका पेटीवर बसला? मग ती फिजिक्सची पोरं. आमच्या पोरांचा नेम लागत असता तर काय पाहिजे होतं!"

पुढं प्रांजलीनं चार ठिकाणी फोन केले. पहिल्या कार्यालयानं विचारलं, माश्या पाळीव की जंगली? ती म्हणाली, पाळलेल्या आहेत, पण सकाळी जंगलात जातात. त्यांनी दुसरा नंबर दिला. दुसऱ्यांनी विचारलं, दूध देतात का? तिसऱ्यांनी सांगितलं की अर्ज तालुक्याला करा, शेताचा उतारा जोडा. गच्चीला उतारा नसतो म्हटल्यावर ते म्हणाले, मग तुमच्या माश्या आमच्याकडं नाहीत. चौथ्यानं फोन उचलून "रॉंग नंबर" म्हटलं, आणि त्या दिवसातलं ते सगळ्यात सरळ उत्तर वाटून प्रांजलीला भरून आलं.

त्यात वानरं आली. सहा वानरं एके सकाळी टाकीवर येऊन बसली आणि त्यांतल्या थोराड हुप्प्यानं पेटीच्या झाकणावरची वीट उचलून खाली अध्यक्षांच्या स्कूटरवर टाकली. सल्ल्यांना ऊत आला. फटाके लावा. आरसा लावा. झाडूला टोपी घालून उभा करा. प्रणयनं मोबाईलवर वाघाची डरकाळी शोधली आणि स्पीकर गच्चीवर नेऊन आवाज मोठा केला. वानरं डरकाळी ऐकत निवांत उवा वेचत बसली. त्या वाघाला घाबरणारा सबंध इमारतीत एकच जीव निघाला. त्या दिवशी शनिवार होता, आणि मंजुषाताई साखरेचा अख्खा डबा घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या. डबा हातातून सुटला. मुंग्यांच्या सात पिढ्यांनी त्या शनिवारची आठवण काढली असेल.

आता डोळ्यांत तेल घालून राखण करणं भाग होतं. प्रांजलीनं मनूच्या जुन्या पाळण्यावरचा कॅमेरा काढला आणि टाकीच्या नळीला बांधला. झोपलेलं बाळ हललं की मोबाईलवर कळवायचं, हे त्या कॅमेऱ्याचं काम. माश्या तर सकाळपासून हलत. त्यामुळं भाजीवाल्याकडं, बालवाडीच्या दारात, दवाखान्यात प्रांजलीचा मोबाईल गोड आवाजात बोलू लागला, "तुमचं बाळ जागं झालं आहे. तुमचं बाळ अस्वस्थ आहे." एका आजींनी तिला भर मंडईत धरलं. "अगं लेकरू रडायलंय कवाचं, अन् तू गवार निवडून घेऊ लागलीस? कसली आई तू!" प्रांजली म्हणाली, "आजी, ते बाळ नाही, माश्या आहेत." आजींनी गवारवाल्याकडं पाहिलं. गवारवाल्यानं डोक्याशी बोट फिरवलं.

शेवटी बुधवारी फळ्यावर नोटीस लागली. सही होती सचिव धम्मपाल सरांची. सर शाळेत नागरिकशास्त्र शिकवत आणि स्वभावानं अत्यंत सरळ होते. नोटीस लावून झाल्यावर त्यांनी प्रांजलीला स्वतः घरी येऊन समजावलं.

"व्यक्तिशः माझा माश्यांना विरोध नाही, ताई. पण सात सभासदांचा अर्ज आला की सभा लावावीच लागते. रविवारी पाच वाजता, गच्चीवर. विषय क्रमांक एक, मधपेट्या हटवणे. तुम्हाला तुमची बाजू मांडायचा पूर्ण अधिकार आहे."

"आणि सात जणांनी अर्ज केलाय म्हणजे निकाल लागलेलाच आहे ना, सर?"

"मतदान होईपर्यंत निकाल लागत नसतो," सर म्हणाले. पण त्यांना बारापैकी सात किती होतात हे येत होतं.

त्या संध्याकाळी प्रांजलीनं करमाडला फोन लावला. बोलायचं होतं की पेट्या न्यायला या. पण फोन बानाबाईंनी उचलला, आणि प्रांजलीच्या तोंडून निघालं, "आत्याबाई, मामांना दोन दिवस पाठवा. राखणीला माणूस कमी पडतंय."

केरबा गुरुवारी सकाळी आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, कमरेला गोफण आणि टमटमच्या टपावर बाभळीच्या काट्यांचे दोन भारे. चहा घ्यायच्याही आधी ते गच्चीवर गेले आणि पेट्यांपुढं उकिडवे बसले.

"किती हायेत?"

"दोन पेट्या, मामा."

"पेट्या दिसत्यात मला. माश्या किती?"

"असतील पंधरावीस हजार."

"असतील?" केरबांनी वळून सुनेकडं पाहिलं. "पोरी, राखणदार मोजून घेतो अन् मोजून देतो. सांजच्याला एक कमी भरली तर मी कोणाला जाब देऊ?"

"मामा, त्या मोजता येत नाहीत. रोज थोड्या मरतात, रोज थोड्या जन्मतात."

"मंग मालकाचा विश्वास पायजे," केरबा म्हणाले. मग त्यांनी खिशातून गेरूचा खडा काढला आणि दोन्ही पेट्यांच्या पाठीवर एकेक तांबडा पट्टा ओढला. मेंढराला करतात तसा. गर्दीत चुकली तर ओळखू यावी म्हणून.

दुपारपर्यंत पेट्यांभोवती काट्यांचं गोल कुंपण उभं राहिलं. त्यात टाकीचा वॉलही आत गेला, आणि पाणी सोडायला आलेल्या वॉचमननं वॉलपर्यंत पोचण्यात आपली एक बाही गमावली. पण कामाला माणूस अस्सल होता. वानरं आली, तेव्हा केरबांनी नुसती काठी आपटून तोंडानं जो आवाज काढला, त्यासरशी हुप्प्या दोन इमारती पलीकडं जाऊन बसला. समोरच्या गच्चीवरून पहिला खडा आला, तेव्हा केरबा उठले, गोफणीत मातीचं ढेकूळ घातलं, डोक्याभोवती दोन फेरे दिले आणि हवेत सोडलं. ढेकूळ निरुपद्रवीपणे मधल्या मोकळ्या प्लॉटात पडलं. पण गोफणीचा जो फाटकन् आवाज झाला, त्यानं फिजिक्सची सबंध बॅच रांगेत जिना उतरून वर्गात जाऊन बसली. संचालकांनी खिडकीतून हात जोडले. मंजुषाताईंना केरबांनी एकच विचारलं, "बाई, मुंगीला साखर घालून साडेसाती जाती, मंग मुंगी माशीला खाती त्याचं पाप कोणाकडं?" मंजुषाताई साखर घेऊन मुकाट्यानं खालच्या कडुलिंबाखाली गेल्या.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. पेटीला धक्का नाही, ओरखडा नाही. प्रांजलीनं सभेसाठी चार पानी निवेदन लिहिलं. माश्यांचे फायदे, मग आणखी फायदे, मग पायजम्याबद्दल दिलगिरी. रविवारी चार वाजता ती ते पाठ करत मनूला वाफ देत होती, कारण मनूला नेमकी सर्दी झाली होती. आणि त्याच वेळी वर गच्चीवर केरबांनी आपल्या आयुष्यभराच्या अनुभवाला जागून एक काम केलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मनूला प्रणयकडं सोपवून प्रांजली निवेदन घेऊन वर आली. काट्यांचं कुंपण जागच्या जागी नव्हतं. ते गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, सोलरच्या मागं, नीट गोल मांडलेलं होतं. आत दोन्ही पेट्या. शेजारी केरबा, काम चोख झाल्याच्या समाधानात तंबाखू मळत.

"मामा! पेट्या का हलवल्या?"

"का म्हंजी? तीन दीस झाले की एका जागी. मेंढरांचा वाडा तीन दिसाच्या वर एका ठिकाणी ठिवत नसत्यात. बूड घाण हुतं, रोग पडतो. मेंढरू असू दे नायतर माशी, राखणीचं गणित एकच."

प्रांजलीच्या हातातली चार पानं खाली आली. हे वहीत पहिल्याच पानावर, लाल पेनानं होतं. पेटी हलवायची तर दोनतीन फुटांत हलवा, नाहीतर कोसभर लांब न्या. मधलं अंतर माशीला कळत नाही. मेंढरू वाडा ओळखतं, मेंढक्याची हाळी ओळखतं. माशी घर ओळखत नाही, जागा ओळखते. रानात गेलेल्या हजारो माश्या आता संध्याकाळच्या परतत होत्या, आणि त्या सोलरमागं जाणार नव्हत्या. त्या टाकीखालच्या सावलीत, आपल्या जुन्या जागी येणार होत्या.

तिनं टाकीकडं पाहिलं. जुन्या जागी खुर्ची होती, आणि खुर्चीत रामकिसनराव होते.

जागा मोकळी दिसताच त्यांनी मनोमन विजय साजरा केला होता. बाई शरण आली, पेट्या कोपऱ्यात गेल्या, सावली परत मिळाली. त्यांनी खुर्ची टाकली, पाय लांब केले. तोच पायजमा. समोर सतरंजीवर सभासद जमत होते. पहिली पाचपन्नास माश्यांची तुकडी डोक्यावर घिरट्या घालू लागली, तेव्हा त्यांना वाटलं चिलटं आहेत. मग हजारभर आल्या. काही खुर्चीच्या पाठीवर उतरल्या, काही खांद्यावर, काही टोपीवर. एक शांतपणे मिशीवर बसली आणि पंख नीट करू लागली.

सतरंजीवर कुणीतरी किंकाळी फोडणार, एवढ्यात प्रांजली बोलली.

"कुणी ओरडू नका. पळू नका. आणि हात अजिबात हलवू नका."

आवाज मोठा नव्हता. पण भिंतीच्या कोपऱ्यांना घाबरणारी ही बाई इतक्या थंडपणे बोलली, की सगळी सोसायटी आहे त्या अवस्थेत थिजली. मंजुषाताईंचा पदर सावरायला निघालेला हात वाटेतच थांबला. रामकिसनरावांचे फक्त डोळे हलत होते.

"काका, त्या चिडलेल्या नाहीत. घर हरवलंय त्यांचं, एवढंच. तुम्ही नुसते बसून राहा. मामा, ती पेटी उचला. हळू. आदळू नका. लेकरू निजलेलं असतं तसं आणा."

केरबांनी आयुष्यात कुणाचा हुकूम ऐकला नसेल. सुनेचा तर नाहीच. पण ते उठले आणि पेटी छातीशी धरून पावलापावलानं निघाले. त्यांच्यामागून दुसरी पेटी घेऊन प्रांजली. खुर्ची हलवायची सोय नव्हती, म्हणून दोन्ही पेट्या खुर्चीच्या अगदी मागं, टेकून ठेवल्या. दारं पुढं. म्हणजे एक दार अध्यक्षांच्या डाव्या कानाशी आणि दुसरं उजव्या कानाशी. दारातल्या चार माश्यांनी शेपट्या वर करून पंख फडफडवले, घर सापडल्याची द्वाही फिरली, आणि रामकिसनरावांच्या दोन्ही कानांवरून वाहतूक सुरू झाली. प्रांजलीच्या मनगटावर तीन माश्या होत्या. गेला पाव तास मनूनं वाफ घेतली का, हे आपल्या मनातसुद्धा आलं नाही, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

"पाच वाजून दहा मिनिटं," धम्मपाल सर ओठ न हलवता म्हणाले. "गणसंख्या पूर्ण आहे. सभा सुरू करावी लागेल."

"सर, आत्ता?" कुणीतरी कुजबुजलं.

"नोटीस पाचची आहे. सभासद हजर आहेत. अध्यक्षही..." त्यांनी खुर्चीकडं पाहिलं, "...हजर आहेत. कुणी उठून जाणार असेल तर सांगा."

कुणी उठून जाणार नव्हतं.

निवांत अपार्टमेंटच्या सभा म्हणजे एरवी शेजारच्या तीन सोसायट्यांना घरबसल्या ऐकू जाणारा कार्यक्रम. पार्किंगवरून एकदा दोघांनी एकमेकांचे चष्मे फोडले होते. पण त्या संध्याकाळी सगळे श्वास टाकल्यासारखे बोलले. अर्जदारांपैकी एकानं अगदी हळू आवाजात, जवळजवळ प्रेमानं, सांगितलं की माश्या धोकादायक आहेत. प्रांजलीनं तितक्याच हळू सांगितलं की चूक माश्यांची नाही, पेटी हलल्याची आहे, आणि ती पुन्हा हलणार नाही. चार पानी निवेदन सतरंजीवरच राहिलं. वाचायची वेळच आली नाही.

"ठराव मतास टाकतो," सर म्हणाले. "आपल्या उपविधीप्रमाणे मतदान हात वर करूनच. गच्चीवरच्या पेट्या हटवाव्यात, या बाजूचे असतील त्यांनी हात वर करावेत."

डोक्यावरून माश्या जात होत्या. सात अर्जदारांचे चौदा हात मांडीवर घट्ट दाबलेले होते. एकाच्या कोपरात थोडी हालचाल झाली, तेवढ्यात एक माशी त्याच्या घड्याळावर येऊन बसली, आणि त्याचं मतपरिवर्तन झालं.

एकच हात वर गेला. काठीसकट. केरबांचा.

"माझं तेच म्हणणं हाय मघापून," ते मोठ्यानं म्हणाले. "वाडा हलवायलाच पायजे."

"मामा!" प्रांजली म्हणाली.

"आजोबा, आपण सभासद नाही," सर म्हणाले. "मत बाद. अध्यक्षांचं काही मत?"

रामकिसनरावांनी डोळे मोठे केले, बारीक केले, डावीकडं नेले, उजवीकडं नेले. मिशीवरची माशी जागची हलली नाही.

"डोळ्यांनी मत देता येत नाही, साहेब. तसं उपविधीत नाही. ठरावाच्या बाजूनं शून्य. विरोधात कोण?"

फ्लॅट प्रांजलीच्या नावावर होता. तिनं मनगटावरच्या तीन माश्यांसकट हात वर केला, अगदी सावकाश.

"एक विरुद्ध शून्य. ठराव फेटाळला," सर म्हणाले, आणि माश्यांकडं बघत बघत त्यांनी इतिवृत्तात ओळ लिहिली.

सूर्य मावळतीला टेकला. माश्यांची ये-जा विरळ होत गेली. सभासद एकेक करून, हात अंगाशी धरून, जिना उतरले. केरबांनी आपले उरलेले काटे गोळा केले. "पोरी," ते थोड्या वेळानं म्हणाले, "सकाळच्या गाडीनं मी जातो. तिकडं बुढीला सांगतो, माणूस कमी पडत नाय म्हून." आणि घोंगडं झटकून तेही निघाले.

गच्चीवर उरले दोघंच. मिशीवरची माशीसुद्धा केव्हाच आत गेली होती, पण रामकिसनरावांना ते कळायला मार्ग नव्हता. ते श्वास रोखून समोर बघत बसले होते.

"मॅडम," ते दातांतून म्हणाले. "आता उठू का?"

प्रांजलीनं वाकून दोन्ही दारं नीट तपासली. बाहेर एकही माशी नव्हती. मग तिनं त्यांच्या पायजम्याकडं पाहिलं.

"अजून दहा मिनिटं, काका," ती काळजीच्या सुरात म्हणाली. "आणि मान हलवू नका."